झाकण

साज-बुलाकच्या दवाखान्यात शेगडीतल्या गोवऱ्या नुसत्या धुमसत होत्या.
लसीचा दिवस. बाहेर खुंटाला चार घोडी,
आत बाकावर लोकरीत गुंडाळलेली सात पोरं,
आणि मी, ऐजारकिन,
नोकरीचा नववा दिवस.

पहिल्या बाळाला टोचून झालं
आणि डावा हात आपसूक झाकण शोधायला निघाला.
"लावू नकोस."
बुरुल एजे वहीतून मानही वर करत नव्हती.
"सुई आहे ती, मुरांब्याची बरणी नव्हे.
झाकायला जातेस आणि स्वतःच्याच बोटात घुसवतेस.
उघडी आहे तशी पेटीत जाऊ दे."

पेटी पिवळी, पुठ्ठ्याची, हाताच्या अंतरावर.
पाऊण भरली की तोंड बंद.
वरून दाबायचं नाही, आत हात घालायचा नाही.
"तळातली सुईसुद्धा जागी असते," एजे म्हणते.

दुपारी काल्मुरात आजोबा आले, कंबर धरून.
गोळ्या त्यांना औषध वाटत नाहीत,
टोचल्याशिवाय बरं वाटेल कसं?
कोटाच्या खिशातून त्यांनी वर्तमानपत्राची पुडी काढली.
आत एक सिरिंज, मागच्या हिवाळ्यातली,
दट्ट्यावर तपकिरी कड.
"नवी नको उगीच. ही उकळून आणलीय.
तूही उकळायचीसच की, एजे."

एजेनं पुडी दोन बोटांनी उचलली,
पेटीत टाकली. कागदासकट.
मग पहिल्यांदाच वही मिटली.

"उकळायचे," ती म्हणाली.
काचेच्या होत्या तेव्हा, नळीवर रेघा कोरलेल्या,
सुयाही मोजून चार.
बोथट झाली का ते कापसावर ओढून बघायचं,
धागा अडकला की सहाणेवर घासायची.
शिवणाच्या सुईचं नेढं मागे असतं,
हिचं थेट टोकाशी,
तिथून शेवटापर्यंत नुसता बोगदा.
बोगद्यात कोण बसलंय, दिसतं थोडंच?

"त्या वर्षी खिंड बर्फानं बंद झाली. रॉकेल संपलं.
सतरा मुलं रांगेत, माझ्याकडे एक गरम भांडं,
तेही निवत चाललेलं.
दोन पोरांच्या मध्ये मी सुई स्पिरिटात बुडवली,
झटकली,
पुढची बाही वर केली.

वसंतात तिघांचे डोळे पिवळे झाले.
पाण्यानं झालं असेल, सगळे म्हणाले.
मीही म्हणाले.
झाकण लावून टाकलं."

शेगडीत काहीतरी तडकलं.
काल्मुरात आजोबा टोपी हातात फिरवत राहिले,
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.
त्यांची उल्जान त्याच वसंतात गेली होती,
हे मला फार उशिरा कळलं,
आणि त्यांनी तेव्हा विचारलेलं एवढंच:
"किती वेळ उकळायला हवी होती?"

"वीस मिनिटं."

"वीस," ते म्हणाले.
जणू आठवड्याच्या बाजारात मेंढीचा भाव ऐकला.
गोळ्यांचं पाकीट घेतलं,
जेवणानंतर की आधी, एवढं विचारलं,
आणि घोड्यावर बसताना कंबर धरायची विसरले.

एजे उठली. साबण. हात. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.
बाकावरचं शेवटचं पोर रडायच्या बेतात होतं.
मी नवं पाकीट त्याच्या आईसमोर फाडलं,
"बघा, आत्ताच उघडली," मोठ्यानं सांगितलं,
ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय.

टोचलं. दट्ट्या तळाला टेकला,
टक् झालं.
आता हा पुन्हा मागे यायचा नाही,
एक मूल, एक सुई, मग दोघींचा संबंध संपला.

पेटी हाताच्या अंतरावर.
डावा हात मी ॲप्रनच्या खिशात घातला होता,
त्याला काय वाटेल ते वाटू दे.

एजे वहीत नाव लिहीत होती. लिहून झालं
तरी पेनाचं टोपण
तिनं बराच वेळ
लावलं नाही.